कोपरा फाडलेलं कार्ड

शेतवस्ती, अंतरवाली सराटी, ता. अंबड
१९ जानेवारी १९७४

ती. सौ. कौसल्याअक्कास,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीला अप्पारावदादा मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून आल्ता. ही दुसरी खेप. यांनी त्याला चहा दिला, पान दिलं आणि फाटकातूनच परत लावलं. दादाची गाडी दिसेनाशी होईस्तोवर मी उभी होते. मग चुलीपुढं बसून पोटभर रडले.

मला सातवा सरत आला. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी, हे काय मी तुला नव्यानं सांगू? पण हे म्हणतात, मुराळी म्हणून कौसल्या आली तरच पाठवीन. तिनं आपल्या गावच्या पारावर उभं राहावं आणि नऊ वर्षांमागं काय झालं ते चार लोकांत खरं सांगावं. काय झाल्तं ग अक्का? मी तेव्हा बारा वर्षांची, मामाकडं गेल्ते. परत आले तर आपल्या सालगड्याचा रामकिसन, म्हणजे आताचे हेच, गाव सोडून गेल्ते, आणि महिनाभरात तुझं लग्न.

मला मारत न्हाईत हो. गूळ, खोबरं, लुगडं, मागायच्या आधी घरात येतं. पण ट्रक घेऊन निघाले की फाटकाला कुलूप, आणि किल्ली मामंजींच्या कंबरेला. पुंजाराम मामंजी बिचारे माझ्याकडं मान वर करून बघत न्हाईत. दुष्काळात ट्रकवर धान्य घेऊन गावात आले तेव्हा यांच्याशीच लग्न करायचा हट्ट मीच धरला; दादा नको म्हणत होता, पण आईनं होकार दिला. डोकं दुखतं म्हणून तू लग्नालाही आली न्हाईस. मला हे तेव्हाही आवडायचे, आताही आवडतात, हीच तर पंचाईत आहे.

तुझं पत्र आधी हे वाचतात. माझंही वाचून स्वतः पेटीत टाकतात. म्हणतात, सगळं लिही, तिला कळू दे. म्हणून मोकळं लिहिलंय. जल्दी उत्तर दे आणि धाकटीवर जीव असू दे.

तुझी,
शिवकन्या


मस्तगड, जालना
२ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. शिवकन्या हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

काय ग बाई, पत्र म्हणायचं की कोर्टाचं समन्स! तुझा नवरा ट्रक चालवतो की फौजदारकी करतो? त्यांनाही वाचू दे, मी काही भीत नाही.

डिंकाचे लाडू करून डबा दादाकडं दिला आहे. फाटकाच्या गजांतून घेता येईल ना? रोज सकाळी एक खा, वर दूध पी. पाय सुजले तर मीठ कमी कर. धाकटी पोर रोज विचारते, मावशीचं बाळ कधी येणार. मी म्हणते, तुझ्या काकाची मर्जी फिरेल तेव्हा.

बाकी जे लिहिलंस ते विसर. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालं आहे? आणि मी पारावर उभी राहायची? आमच्या सासूबाई, गिरिजाबाई, मला एकटीला देवळातसुद्धा सोडत नाहीत. भलतंसलतं यांच्या कानावर गेलं तर दोन्ही पोरींसकट मला रस्त्यावर काढतील. तुझ्या फाटकाला निदान कुलूप दिसतं तरी, शिवे. माझ्या घराला तेही दिसत नाही.

जिवाला जप. रडू नकोस, पोटातलं पोर रडवं होतं म्हणतात. माया आहेच, ती कमी झाली असं समजू नकोस.

तुझी अक्का,
कौसल्या


शेतवस्ती, अंतरवाली सराटी
४ मार्च १९७४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. तुझं उत्तर वाचून हे पहिल्यांदा हसले, आणि मग त्यांनीच मला सगळं सांगितलं. तू त्यांना निरोप धाडून गोठ्यात बोलावलंस. दादानं पाहिलं. बाबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, यानं जबरदस्तीनं माझा हात धरला. मग दादानं त्यांना पारापुढच्या खांबाला दाव्यानं बांधलं आणि सगळ्या गावादेखत चाबकानं झोडपलं. त्यांच्या पाठीला मी रोज तेल लावते, अक्का. ते व्रण ट्रकवरच्या पोत्यांचे आहेत, असं मी इतके दिवस समजत होते.

मी विचारलं, मग माझ्याशी लग्न कशाला केलं? म्हणाले, तिला रोज झोप लागू नये म्हणून. असं तोंडावर बोलले. आणि मग माझ्यासाठी मोसंबी सोलून दिली. या माणसाला मी काय म्हणू?

आता कामाचं. सुईण गोजरबाई येऊन गेली. पोर पोटात आडवं आहे म्हणाली. वस्तीवर बाळंतपण केलं तर दोघांतलं एकही हाती लागणार न्हाई, जालन्याचा दवाखानाच गाठा, असं तिनं यांच्यासमोर बजावलं. यांचं तोंड उतरलं, पण बोलणं तेच, कौसल्या आली की आजच्या आज पाठवतो. पाया पडले, तरी न्हाई.

अक्का, मी मरायला तयार न्हाई. एकवीस वर्षांची आहे मी. तू ये. एक दिवसाची लाज आहे ग, माझा तर जीव आहे. लोभ नुसता कागदावर ठेवू नकोस.

तुझी,
शिवकन्या


(पोस्टकार्ड. वर श्री नाही. मरणाच्या बातमीचा म्हणून एक कोपरा फाडलेला.)

जालना, ८ मार्च १९७४

रामकिसन पुंजाराम यांस,

कळविण्यास अत्यंत दुःख होते की आई चतुराबाई काल सकाळी देवाघरी गेली. शिवकन्येस गावी दहाव्याला घेऊन यावे. आईच्या मातीला मुकलेल्या लेकीला दहाव्याला तरी कोणी अडवत नाही. वाचून कार्ड फाडून टाकावे.

कौसल्या


२९ मार्च १९७४

चि. सौ. कौसल्येस,
आईचा आशीर्वाद. सवयीनं देऊन राह्यले.

मी सांगून राह्यले आन् शिवकन्या लिहून राह्यली. व्हय, तुझी आई. जिती हाय.

तुझं कार्ड मी या डोळ्यांनी पाह्यलं. त्या दिवशी मी ओट्यावर तूर पाखडत बसल्ते. दारात ट्रक थांबला. आधी शिवी उतरली, रडून रडून तोंड सुजलेलं. मला पाह्यलं आन् मटकन खालीच बसली, उठता उठंना. कवळी, पोटुशी पोर, आन् तिला तू आई मेल्याचं खोटं कळवलंस! तिला सोडवायचं व्हतं, हे मला बराबर कळतं. पण दादाला न्हाई इच्यारलं, मला न्हाई इच्यारलं. पारावर यावं लागंल म्हणून तुला आईला मारणं सोपं वाटलं.

तिच्या मागून रामकिसन उतरला. डोई भादरलेली, मिशा उतरवलेल्या. शहागडला गोदागंगेवर ट्रक थांबवून माझ्या नावानं डोकं केल्तं त्यानं, कुणी सांगितलं नसताना. बिनआईचं पोर म्हणून मी त्याला माझ्या ताटातली भाकर द्यायचे, एवढंच माझं देणं. मला बघून माझ्या पायावर डोकं टेकलं आन् हमसून हमसून रडला. मंग उठून म्हणला, काकू, मी सूड घ्याया निघाल्तो, पण तुमच्या लेकीची बरोबरी मला जमायची न्हाई. शिवीला हितंच सोडून गेला. पोरगी झाल्याचं कळवलं तर पुंजारामाच्या हाती बाळंतविडा धाडला, सवता आला न्हाई.

व्हय, पोरगी झाली. जालन्याच्या दवाखान्यात पोट फाडून काढली. दोघी बऱ्या हायत. आठ रोज आमी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर व्हतो. मी म्हणलं अक्काला बोलावते. शिवी म्हणली, बिलकुल न्हाई.

आता माझं ऐक. तू खोटं बोलली, हे मला तवाच ठावं व्हतं. गोठ्यात बोलावल्याचा तुझा निरोप आपल्या कामाच्या मालनबाईनं माझ्यासमोरून नेल्ता. तिकडं पोराला चाबूक बसत व्हता, आन् तुझं लगीन मोडू नये म्हणून मी चुलीपुढं गप बसल्ते. तू सोळा-सतरा वर्साची भेदरलेली पोर व्हतीस. मी जाणती व्हते. माझं पाप मोठं हाय.

येत्या पुनवेला हनुमान जयंतीला सगळं गाव पारावर जमंल. मी तिथं उभी ऱ्हाऊन बोलणार. रामकिसनाला निरोप धाडलाय, अप्पारावला बी सांगितलंय. त्यो लई आदळआपट करून राह्यला, पण आता मला कुणाची भीती? एकदा मरून झालंय. तू आलीस तर तुझ्या तोंडून, न्हाई आलीस तर माझ्या. जावईबापूंना संगं घेऊन ये. गावाच्या तोंडून ऐकण्यापरीस त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकावं.

शिवी म्हणती, वस्तीवर बी जाणार न्हाई आन् अक्काच्या दारी बी न्हाई. तुमा दोघांच्या भांडणात मला जनावरासारखं दावणीला बांधलं, म्हणती. मी म्हणलं, हे बी लिही. तिनं लिहिलं.

पोरींना गोड पापा. आईची माया तोडून तुटत न्हाई, हीच आमची खोड.

चतुराबाई

ता. क. आईनं सांगितलं तेवढं सगळं लिहिलं. अक्षर माझं आहे म्हणून निरोप माझा समजू नकोस. माझा तुला निरोप न्हाई.
शिवकन्या