किकची तुकडी

८ मार्च, शनिवार
आज सेम्बावांगच्या मैदानावर माझ्या किकच्या तुकडीला दहा मिनिटं मिळाली. दहा! तीही सरावाच्या शेवटी, सगळ्या जणी दमल्यावर. नवा कोच अनिमेष म्हणाला, "मॅडम, पंट म्हणजे हार मानणं. आपल्या हातातला चेंडू लाथ मारून समोरच्यांना द्यायचा. कशाला?"

तो अमेरिकेत कॉलेजात क्वार्टरबॅक होता. चेंडू कायम त्याच्या हातात. किकची वेळ आली की हा बाहेर येऊन पाणी पिणार. अजूनही त्याच्या लेखी ती पाणी प्यायचीच वेळ आहे. आधीचा कोच स्वतः राखीव खेळाडू होता, फक्त किकपुरता उतरायचा. तो आम्हाला अर्धा तास द्यायचा.

आणि मी? विद्यापीठाकडून खो-खो खेळले. तिथे नवातल्या आठ जणी बसलेल्याच असतात, आणि खेळ त्यांचाच असतो. हे अनिमेषला कसं सांगणार?

९ मार्च, रविवार
माझा नवरा पद्माकर जेवताना — "बायका हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळतात, आणि म्हणे फुटबॉल. साठीत तुला हे सुचलं तरी कसं?" मी शाळेतून निवृत्त झाले. बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये बसून राहवेना. एवढंच.

१२ मार्च, बुधवार
अनिमेषचा फोन. शनिवारच्या मॅचमध्ये तुकडीची एक जरी चूक झाली, तर तुकडी बंद. "मग चौथ्या, शेवटच्या प्रयत्नातही लाथ न मारता आपण पळूच, मॅडम." मी "बरं" म्हटलं.

माझं जाऊ दे. श्रियाचं काय? दिवसभर तांजोंग पगारच्या बँकेत मान खाली घालून काम करते. पळण्यात हळू, चेंडू झेलण्यात कच्ची. पण किकच्या वेळी डावी कड अडवावी तर तिनेच. तुकडी गेली की तिचा खेळ संपला.

१५ मार्च, शनिवार
हरलो.

तीन मिनिटं उरली होती. आम्ही चार गुणांनी पुढे. चौथा प्रयत्न, आमचीच गोलरेषा जवळ. पंट हाच मार्ग. अनिमेष ओरडत होता, "नको, पळू या." मी त्याच्याशी भांडत होते. भांडता भांडताच तुकडी आत पाठवली. अकराऐवजी दहाच जणी उतरल्या. डावी कड उघडी. तिथून त्यांची एक घुसली, लाथ अडवली, चेंडू उचलून आमच्या गोलरेषेपार पळाली. त्यांना सहा गुण.

श्रिया बाकावरच होती. हेल्मेट घालून, पट्टा लावून, बसलेली.

"सांगितलं होतं ना, मॅडम." अनिमेष एवढंच म्हणाला, तेही हळू. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१६ मार्च, रविवार
तुकडी बंद. श्रियाला टीममधून काढायचं का, म्हणून क्लबने माझं मत मागितलं. लिहून दिलं — काढा. बेशिस्त. शाळेत तीस वर्षं हेच केलं, आता वेगळं काय करणार?

१८ मार्च, मंगळवार
श्रिया किट परत द्यायला घरी आली. चहा नको म्हणाली. मी दारातच विचारलं, "उठली का नाहीस?"

"यू नेव्हर टॅप मी व्हॉट, आँटी." मग मराठीत, सावकाश — "काकू, तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला नाहीत."

हात पडल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हा नियम माझा. पहिल्या दिवसापासून. खो मिळाल्याशिवाय कोणी उठतं का?

दहाच पाठी आठवतात.