डावीकडचा तिसरा खांब

फोरबर्ग, नेदरलँड्स
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रमिला आत्या,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं, आणि लाल शाईने रंगवलेलं माझं मागचं पत्रही. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी तुझ्यातली मास्तरीण काही निवृत्त होत नाही! 'आशीर्वाद'मधली शी यापुढे दीर्घच काढीन, शपथ. गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस की बाटली नुसती कपाटात मिरवते?

आम्ही तिघं बरी आहोत. लोकेशचं ऑफिस हेगमध्येच आहे, त्यामुळे तो वेळेवर घरी येतो. हर्षाला मराठीत विचारलं की ती डचमध्ये उत्तर देते, आणि रागावले तर इंग्रजीत. थंडी सुरू झाली आहे. सायकलवर बोटं बधिर होतात.

'मीही बरी आहे' असं पुढचं वाक्य लिहिणार होते. पण तू ते लाल शाईने खोडशील. चार दिवस मला घास उतरत नाही.

मागे तुला त्या चर्चबद्दल लिहिलं होतं. दीडशे वर्षांची इमारत. डच लोकांनी बांधली, मग ओस पडू दिली. पन्नास वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत सुरीनाम स्वतंत्र होत होती, तेव्हा तिथले हजारो काळे लोक इकडे आले. त्यांच्यातल्या काहींनी ही इमारत घेतली, झाडली, उभी केली. आज ते त्यांचं चर्च म्हणून ओळखलं जातं. आता छत गळतं, भिंतींना ओल आली आहे, म्हणून दुरुस्ती. पंचवीस तारखेला त्या स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचा सोहळा आहे, त्याआधी सगळं व्हायला हवं. आमच्या कंपनीने प्रत्येक भिंतीची आणि खांबाची तपासणी माझ्याकडे सोपवली. पहिल्यांदा पूर्ण अहवाल मी डचमध्ये लिहिला. काय मिरवले होते मी!

तिथे एक बाई आहे, तांते हेलेन. तांते म्हणजे आत्या, मावशी, काकू सगळंच. नात्यांच्या बाबतीत हे लोक भलतेच काटकसरी. वय तुझ्याएवढं, ताठ कणा, आणि माझ्या सायकलला दिवा नसला की तुझ्यासारखीच ओरडते. दाराशी डावीकडचा तिसरा खांब तिनेच मला पहिल्या दिवशी दाखवला. पांढऱ्या चुन्याच्या खांबावर हाताच्या उंचीवर एक काळपट, गुळगुळीत पट्टा आहे. पूर्वी तिथे शेगडी होती. पहिल्या हिवाळ्यात ही माणसं पातळ कपड्यांत आली आणि त्या गरम खांबाला तळवे लावून उभी राहिली. शेगडी कधीच गेली, पण सवय राहिली. अजूनही आत येणारा प्रत्येक माणूस त्या खांबाला हात लावतो. लग्न असो, मयत असो.

तर आत्या, अहवालात प्रत्येक डागापुढे एक शब्द लिहायचा असतो. ओल, मीठ, भेग, असे ठरलेले शब्द आहेत. त्या पट्ट्यापुढे मी लिहिलं 'फरफाउलिंग'. म्हणजे घाण. आणि घाण लिहिलं की पुढच्या रकान्यात आपोआप येतं, साफ करणे.

भाषा कच्ची म्हणून चूक झाली, असं मी लोकेशला सांगितलं. त्याला ते पटलंही.

तुला तसं सांगणार नाही. त्याच यादीत दुसरा शब्द होता, 'वापराच्या खुणा'. तो लिहिला की चर्चच्या लोकांशी बोलून वेगळं पान भरावं लागतं आणि ती जागा राखावी लागते. मला दोन्ही शब्द माहीत होते. माझं बोट दोन्हींवर फिरलं. पण वाउटर, माझा साहेब, मागे उभा होता आणि म्हणाला, "तिथे काय अडलंय?" मी म्हणाले, "काही नाही." हातांच्या डागासाठी हळवी होणारी बाई म्हणून मला दिसायचं नव्हतं. मग त्याने विचारलं असतं, तुला का एवढं लागतं? इथे मला कुणी ते विचारत नाही, आणि मी ते जपलं आहे. मराठी मंडळात कुणी चौकशी केली तर 'मूळची नांदेडची' म्हणते आणि आडनाव गिळते. ऑफिसात मी समता एस.

बुधवारी कामगारांनी चाचणी म्हणून त्या पट्ट्यातला तळहाताएवढा तुकडा साफ केला. आज प्रार्थनेआधी तांते हेलेन नेहमीसारखी आली. न बघताच हात टेकवला, आणि मग खाली बघितलं.

"हे कुणी केलं?" तिने मला विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "कामगारांनी काहीतरी केलं असेल."

असं मी बोलले, आत्या. तिच्या तोंडावर. बाकीचा पट्टा मंगळवारी सकाळी आठला निघणार आहे, हेही तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून मला एकच दिसतं. तू नऊ वर्षांची. पाटलांच्या ओसरीशी गवताचा भारा उतरवताना तुझा तोल गेला आणि हात खांबाला लागला. पाटलीणबाई तुला काही बोलल्या नाहीत. आतून घागर आणली आणि खांब धुतला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तू म्हणायचीस. "माझ्यासमोर धुतला गं."

मी मात्र शिकून-सवरून, कागदावर, सहीनिशी धुतला. मला माझीच भीती वाटते.

सोमवार, १० नोव्हेंबर

पत्र टाकलं नव्हतं, म्हणून पुढे लिहिते.

सकाळी वाउटरला ईमेल केला की शब्द बदलायचा आहे, काम थांबवा. दहा मिनिटांत फोन आला. "समता, नगरपालिकेची मंजुरी तुझ्या अहवालावर आहे. सही तुझी आहे. तुला लिहितानाच माहीत होतं का?"

'नाही' म्हटलं असतं तर भाषेवर निभावलं असतं. माझा करार या महिन्याअखेरीस संपतो, आणि आमचा इथे राहण्याचा परवाना माझ्या नोकरीवर आहे, लोकेशच्या नाही. मी "हो" म्हणाले. तो म्हणाला, "उद्या आठला तिथेच भेटू," आणि फोन ठेवला. काम थांबेल की नाही, ते बोललाच नाही.

दुपारी अहवालाचं पान घेऊन तांते हेलेनकडे गेले. तिने चष्मा लावून पान वाचलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"काल तू खोटं बोललीस."

"हो."

"घाबरली होतीस?"

"हो."

"कुणाला?"

मी मांडीवरचे हातमोजे चुरगाळत राहिले.

ती म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात मी हातमोजे कधी काढत नसे. ट्राममध्ये नाही, दुकानात नाही. लोक माझ्या हातांकडे बघायचे. फक्त त्या खांबापाशी काढायचे."

मी रडले. तिने मला थोपटलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मागायचं मला धाडस झालं नाही. दाराशी सोडताना एवढंच म्हणाली, "उद्या साडेसातला मी तिथे असेन. चर्चमधल्या सगळ्यांना फोन करते. तूही ये. हातमोजे घालू नकोस."

मी जाणार आहे. लोकेशला रात्री सांगेन. त्याचीही भीती वाटते. हे पत्र तुला पोचेपर्यंत पंधरा दिवस जातील. तोवर तो पट्टा असेल किंवा नसेल, माझी नोकरीही असेल किंवा नसेल. मला काहीच माहीत नाही.

सोबत अहवालाचं ते पान पाठवते आहे. सातवी ओळ. तुझा लाल पेन काढ, तो शब्द खोड, आणि तिथे काय लिहायला हवं होतं ते तुझ्या अक्षरात लिही. मग ते पान मला परत पाठव.

जयभीम.

तुझी,
समता राजानंद सोनकांबळे