टकळीचं मौन

३ फेब्रुवारी, मंगळवार

तीन तास गप्प बसली तरी मी मिशी उतरवीन! — भर दुकानात बोललो हे, आणि कार्टी तिथेच बाकावर पाय हलवत बसलेली. फुरंगटली. "बघाच तुम्ही बाबा!"

झालं असं. तिच्या शाळेने परदेशातली एक शाळा शोधली आहे. तिथली मुलं सकाळी येतात आणि मधल्या सुट्टीत निघून जातात ती परत येतच नाहीत. पोटात काही नसतं, बसणार कशी? शाळेतच रोज एक वेळचं गरम जेवण शिजवायचं म्हणतात, आणि त्याचे पैसे आमच्या पोरांनी जमवायचे. एक वर्ग गाड्या धुणार, एक वर्ग केक विकणार. हिच्या बाईंनी चौथीला काय द्यावं? मौन! एक दिवस बोलायचं नाही. ओळखीपाळखीच्यांनी दर तासामागे एका ताटाचे पैसे कबूल करायचे. जितके तास गप्प, तितकी ताटं.

तिला सगळे टकळी म्हणतात ते उगाच नाही. शाळा सुटली की दुकानात येते, आणि गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून मी वस्तरा उचलला की, म्हणजे बिचाऱ्याला तोंड उघडायची सोय नसते तेव्हा, ही गोष्ट सुरू करते. निम्मी गिऱ्हाइकं तिच्यासाठीच येतात. हे मी कोणापुढे कबूल करणार नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात आज नुसता धुडगूस. गॅरेजवाला म्हणाला, "एक दिवस काय, आमचं कुत्रंसुद्धा राहील गप्प. तीन दिवस राहू दे, तिप्पट देतो!" आमचे रिटायर्ड पोस्टमनकाका त्याच्या वरताण. "तीन दिवस, आणि मधे एक शब्द जरी निघाला तर सगळं बाद. बोला!" मग खुर्चीतला बोलला, बाकावरचे बोलले, जो तो पुढचा आकडा सांगायला लागला.

मलाही चेव आला. वस्तरा हातात धरूनच नियम जाहीर केले — शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. शब्द नाही. पाटीवर लिहिणं नाही. खाणाखुणा नाहीत. मोडलं, की एकही ताट नाही!

बाईंचा नियम असा नाहीये. त्यांचं म्हणणं, जमेल तेवढं करा, जेवढे तास झाले तेवढे धरू. पण दुकानाचा नियम दुकानाचा. आणि खरं सांगायचं तर एवढे मोठे आकडे लोकांनी बोलून टाकले ते द्यावे लागणार नाहीत ह्याच खात्रीने. माझीही तीच खात्री.

टकळीने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे सगळी ताटं माझ्यावर?"

"सगळी तुझ्यावर," मी म्हटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सराव चालू आहे. जेवताना पाणी मागायचं नाही म्हणून बसली आणि ठसका लागला. आमची ही, म्हणजे टकळीची आई, म्हणाली, "पुरे करा आता बापलेक!" आम्ही दोघं पोट धरून हसलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उद्यापासून मौन. आज साठा संपवायला काढल्यासारखी बोलली. मधेच विचारते, "बाबा, ती मुलं जेवून झाल्यावर घरी जातील की वर्गात बसतील?" म्हटलं, वर्गात बसतील, त्यासाठीच तर जेवण. थोडा वेळ विचार केला तिने. "मग त्यांना गणिताला झोप येईल. मला येते." आणि लगेच, "पण ती बरी झोप असते."



१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलली नाही! दिवसभर! शाळेत बाकीच्यांचं मौन मधल्या सुट्टीपर्यंत मोडलं म्हणे, खो खो हसत. टकळी तशीच दुकानात आली आणि बाकावर बसली. लोकांनी काय काय केलं! पोस्टमनकाका ओरडले, "केसात झुरळ!" — तिने उडी मारली, तोंडावर हात, आवाज नाही. मग मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "चल, झालं, बाईंचा निरोप आलाय, मौन संपलं, बोल आता." क्षणभर तिचा विश्वास बसला. तोंड उघडलंसुद्धा. मग माझ्या डोळ्यांत बघितलं आणि गपकन मिटलं. सगळं दुकान टाळ्या वाजवत होतं.

इतका अभिमान वाटला की गॅरेजवाल्याच्या कानामागे नको तेवढी कात्री चालवली.

घर मात्र भकास वाटतं. ही म्हणाली, "कुणी गेल्यासारखं वाटतंय हो." म्हटलं, काहीतरीच!

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दूध तसंच ठेवलं. दुपारी उलटी झाली. तरी दुकानात आली, बाकावर वाकून बसली. शनिवारची गर्दी, तीन जण थांबलेले. तिने हात पोटावर धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खूण! खूण केली! काय काका, बाद धरायचं का?" एकच हशा. तिने हात झटकन काढून घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. मी म्हटलं, "जा, ह्या वेळी सोडली!"

संध्याकाळी ही म्हणाली, अंग कोमट लागतंय, डॉक्टरांना दाखवू या. म्हटलं, सुटका शोधतेय गं ती. उद्या संध्याकाळी तोंड उघडेल आणि पोटही आपोआप बरं होईल. ही म्हणाली, "तुम्ही तरी विचारा तिला नीट."

विचारलं. "दुखतंय का? फार दुखत असेल तर बोल, काय व्हायचं ते होईल ताटांचं." बराच वेळ बघत राहिली. मान हलवायला गेली आणि थांबली — मान हलवणं म्हणजे पण खूणच! मग भिंतीकडे तोंड करून पडली.

हट्टी आहे. माझ्यावर गेली आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

बघा, उतरलं! काल पोट धरून होती, आज शांत पडली आहे. दुखणं गेलेलं दिसतंय. हिला म्हटलं, सांगत नव्हतो? संध्याकाळी सगळे दुकानात जमणार आहेत. गॅरेजवाल्याने आत्तापासून हाय खाल्ली आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

हॉस्पिटल. अपेंडिक्स फुटलं होतं.

काल दुपारी केस विंचरायला तिला उठवायला गेलो. अंग विस्तवासारखं, पोट फळीसारखं कडक. उचलून तसाच धावलो. गॅरेजवाल्याने गाडी काढली. डॉक्टर विचारत होते — कधी सुरू झालं? आधी कुठे दुखत होतं? उजवीकडे कधी सरकलं? एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

"एवढी मोठी मुलगी आहे, तिने काहीच सांगितलं नाही?"

"ती बोलत नव्हती," मी म्हणालो.

"शुद्धीवर नव्हती?"

"होती."

मग हिने सगळं सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो, माझ्या दुकानातली गंमत.

तपासताना त्यांनी पोट दाबून हात सोडला, तेव्हा तिने ओठ असा चावला की रक्त आलं. आवाज नाही! मी ओरडलो, "बोल गं! संपलं सगळं, बोल आता!" तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. शुक्रवारी बघितलं होतं तसं. तिला वाटलं, बाबा पुन्हा फसवतायत.

मग तिला आत नेलं.

डॉक्टर म्हणाले, फुटल्यावर थोडा वेळ दुखणं कमी होतं, लोकांना वाटतं बरं वाटलं. म्हणजे काल सकाळी मी लिहीत होतो तेव्हा ते फुटलेलं होतं. मी ह्याच वहीत 'उतरलं' लिहून पुढे गॅरेजवाल्यावर विनोद केला आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पू पोटभर पसरला होता. धुऊन काढलाय म्हणाले. नाकात नळी, पोटात नळी, हाताला सुई. त्या सगळ्यात ती केवढीशी दिसते! डॉक्टर 'बरी होईल' म्हणत नाहीत. 'बघू या' म्हणतात. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना आरशात बघत बोलत आलो, माणूस काय बोलायचं टाळतोय ते मला कळतं.

ही माझ्याशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "मी म्हटलं होतं." त्यापेक्षा चार शिव्या द्यायच्या होत्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ताप उतरत नाही. देवा, माझं काय ते कर, तिला सोड.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाई आल्या होत्या. काचेतून टकळीला बघितलं, मग बाकावर माझ्याशेजारी बसल्या. "आम्ही एकच दिवस सांगितला होता हो," एवढंच म्हणाल्या. रागाने नाही. रागावल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

मागोमाग पोस्टमनकाका आणि गॅरेजवाला. हातात बिस्किटांचा डबा. सगळ्यांनी बोललेले पैसे आणून दिले होते, कोणी जास्तच. मला डब्याला हात लावता येईना. काका रडायला लागले. "बाद करायचं मी म्हटलं रे, माझंच तोंड जळो." म्हटलं, नाही काका. तुम्ही गंमत केलीत. तिचा बाप मी आहे. पोटावरचा हात तिने मला दाखवला होता, तुम्हाला नाही.

डबा बाईंनी घेतला. "हे आजच पाठवते. आमच्या सगळ्या वर्गाने जमवलं त्यापेक्षा जास्त आहे." मला एकदम संताप आला. कोणावर, ते कळलं नाही. तिथल्या पोरांवर तर नाहीच. त्यांना काय माहीत, त्यांच्या ताटासाठी इथे कोणी पोट आवळून बसलं होतं ते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ताप उतरला! डॉक्टरांनी आज पहिल्यांदा सरळ तोंडाकडे बघून सांगितलं — धोका टळला. दुपारी डोळे उघडले तिने, आईला बघितलं, मला बघितलं. हिने माझा हात घट्ट धरला. बोलली नाही, पण धरला. मी जिन्यात जाऊन रडलो. एक सफाईवाली बादली बाजूला ठेवून थांबली, मी उठेपर्यंत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

टकळी बोलत नाही. काल वाटलं, थकवा असेल. आज नळी काढली, दोन घोट पाणी प्यायली, उशीला टेकून बसली. शब्द नाही. डॉक्टरांनी घसा बघितला, ठीक आहे म्हणाले. मुलं कधीकधी अशी मिटून घेतात, घाई करू नका.

मी जवळ बसून सगळं सांगितलं. रविवार केव्हाच गेला. तू जिंकलीस. पैसे पोचले, तिकडे चूल पेटली. तिने तोंड उघडलं. मग तिने ओठ मिटले आणि चादर नाकापर्यंत ओढून घेतली.

माझ्यावर रागावली आहे. रागाव, बाळा. तुझा हक्क आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

केस विंचरले तिचे. आठवडाभराचा गुंता, कंगवा जाईना. खालून वर, एकेक बट सोडवत आलो. एरवी अशा वेळी ती जगभरच्या गप्पा मारते. आज खोलीत नुसता कंगव्याचा आवाज. झाल्यावर तिच्यापुढे हात जोडले. "चुकलं माझं. परत कधी तुझ्यावर अशी पैज लावणार नाही." ती माझ्या हातांकडे बघत राहिली. डोळे भरून आले तिचे, पण शब्द नाही.

गिऱ्हाइकं विचारतात, दुकान कधी उघडणार? तो बाक दिसेल समोर. मला एवढ्यात जमायचं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बोलली.

ही चहा आणायला खाली गेली होती. टकळीने माझी बाही ओढली. आवाज खरखरीत, जेमतेम ऐकू येईल असा. "बाबा, खरं सांगा. ऑपरेशनच्या वेळी गुंगीत मी काही बोलले का? बोलले असेन तर ती ताटं त्यांची नाहीत."

आतल्या नर्सने मला सोमवारीच सांगितलं होतं. इथे लिहायला हात धजला नाही. भूल चढेपर्यंत पोरगी एकच विचारत होती म्हणे — "बाबा, आता बोलू का? बाबा, आता बोलू का?"

"नाही," मी म्हटलं. "एक शब्दसुद्धा नाही."

तिने डोळे मिटून मोठा सुस्कारा सोडला आणि पाणी मागितलं.