एकट्याची खोली, विनिपेग ते व्हँकूवर

व्हँकूवर, ३ मे १९६६

ती. कथबर्टदादास,

धाकट्या आर्डेलाचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या मरीटाचं लग्न अकरा जूनला ठरलं. मुलगा चांगला आहे; तुला आवडणार नाहीच. सोबत आगगाडीचं तिकीट आहे. स्लीपर, तेही एकट्याची खोली. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं तू गाडीत पाय टाकलेला नाहीस, जणू गाडीनेच दारात येऊन तुझी माफी मागावी. ती येणार नाही, दादा. स्टेशनवर तुलाच जावं लागेल.

लोभ आहेच, फार ताणू नकोस.

तुझी आर्डेला

•

विनिपेग, ११ मे

चि. आर्डेलास अनेक आशीर्वाद आणि तितकेच टोले.

तिकीट परत पाठवतोय. ती खोली ज्या गृहस्थाने आखली, त्याला रात्री कधी उठावंच लागत नसावं. पलंग पाडला की संडास त्याच्याखाली! आधी पलंग भिंतीत ढकला, मग देवाचं नाव घ्या. याला म्हणायचं वरचा वर्ग. त्याखालच्या वर्गात नुसता पडदा, शेजाऱ्याचं घोरणं फुकट. बसायच्या डब्यात उशीसुद्धा भाड्याने.

एकतीस वर्षं स्लीपरच्या डब्यातला पोर्टर म्हणून या सुखसोयी मी हसतमुखाने पुरवल्या. गाद्या घातल्या, बूट चमकवले. कंडक्टरच्या जागेसाठी नऊ अर्ज केले. नऊ वेळा उत्तर आलं, काळ्या माणसाला ती जागा नाही. मी घरी बसलो आणि दोन वर्षांनी साहेबांना उपरती झाली, ती जागा आपल्या लोकांनाही खुली झाली. आता त्यांच्याच गाडीत मिरवायला जाऊ? बसने येईन.

मरीटाला गोड पापा. तुला नाही.

कथबर्ट

•

व्हँकूवर, १८ मे

ती. दादास, शि. सा. न.

मरीटाला बाप नाही. चर्चमध्ये तिचा हात धरून तूच न्यायचं, असा तिचा हट्ट आहे. एवढ्या लांबून बसने आलास तर तुझ्या धरलेल्या कमरेकडे बघून कोणी कोणाला न्यायचं, हा प्रश्न पडेल. मी तिला म्हटलं, मामा हेकट आहे. ती म्हणाली, मग मी एकटीच चालेन, पण दुसरा कोणी नको. तिकीट परत पाठवतेय. त्याचा प्रवास तुझ्यापेक्षा जास्त झालाय.

रागावलेली, तरी तुझीच,

आर्डेला

•

विनिपेग, २३ जून

चि. आर्डेलास आशीर्वाद वि. वि.

प्रवास कसा झाला, हे तू दहादा विचारलंस आणि मी दहादा 'बरा' म्हणालो. लग्नघरात तमाशा नको होता. आता ऐक.

तिकडे येताना गाडीत समोरच्या खोलीतल्या बाईने माझ्या हातात बूट ठेवले आणि म्हणाली, जॉर्ज, जरा चांगले चमकव. गोरे प्रवासी सगळ्याच पोर्टरांना जॉर्ज म्हणतात. एकतीस वर्षं मी ओ दिली. या वेळी म्हटलं, बाई, माझं नाव कथबर्ट आणि मी या खोलीतला प्रवासी. तिला वाटलं, मी तिकीट चोरलंय. तिने कंडक्टरला बोलावलं.

आला तो लेम्युअल. आपल्याच रंगाचा! चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते त्याला मीच शिकवलं होतं. बाई म्हणाली, तू नको, वरिष्ठाला बोलाव. तो म्हणाला, या गाडीत माझ्यावर कोणी नाही. माझं तिकीट पाहिलं, टोपीला हात लावून 'मिस्टर डॅकोस्टा' म्हणाला आणि पुढे गेला.

मी दार लावून रडलो, आर्डेला. आनंदाने, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण निम्मं जळून रडलो. ती टोपी माझी होती.

जेवणाच्या डब्यात जागा नव्हती, म्हणून बाईला माझ्याच टेबलावर बसवलं. मासा बेचव होता. तिने मीठदाणी पुढे सरकवली. माफी नाही मागितली. मीठ तेवढं दिलं. मी घेतलं.

परतताना काचेच्या छपराच्या वरच्या डब्यात दिवसभर बसून होतो. वाटेतल्या त्या डोंगरांतून शेकडो वेळा गेलो असेन, पण कायम कोणाची ना कोणाची बॅग उचलत. मान वर करून पाहिले ते यंदाच. भलतेच मोठे आहेत गं. कोणी कधी बोललं नाही.

मरीटाच्या नवऱ्याला सांग, अजून आवडलेला नाही. लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर पत्रं लांबतात.

तुझा दादा,

कथबर्ट