लिफ्टमध्ये लावलेली दहा वाक्यं

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे येईलच. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग चष्मा शोधशील. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. इंग्रजीची एक अडचण आहे, आणि आपल्या घरात इंग्रजीची मास्तरीण तूच.

फोरमनच्या जागेसाठी कंपनीनं इंग्रजीची परीक्षा ठेवली आहे. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, एकाही लिफ्टनं मला इंग्रजीत काही विचारलेलं नाही; पण अहवाल हेड ऑफिसात जातात. म्हणून संध्याकाळचा क्लास लावला. मास्तर माझ्या टूलबॉक्सपेक्षा वयानं लहान आहे. (टूलबॉक्स कमी बोलतो.) त्यानं सांगितलं की ‘म्हणाला’ भूतकाळात असेल तर म्हणणाऱ्याचं म्हणणंही भूतकाळात ओढायचं. आपल्याकडे माणूस काल म्हणाला की मला भूक लागली आहे, तर वाक्यात त्याची भूक आजही ताजी असते. इंग्रजीत ती त्याच्याबरोबर मागे जाते, मग तो जेवला असो वा नसो. मी विचारलं, भूक अजून असली तर? मास्तर म्हणाला, सूर्य पूर्वेला उगवतो असल्या कायमच्या गोष्टींना सूट आहे. भूक कायमची आहे की नाही यावर अर्धा तास गेला आणि वर्गाला घरी जायला उशीर झाला.

मग गृहपाठ दिला: आपल्या माणसांनी म्हटलेली दहा वाक्यं. वही संपली होती, म्हणून मी ती सर्व्हिस कार्डावर लिहिली. (तपासणी झाली की लिफ्टमध्ये आरशाशेजारी लावतो ते कार्ड. शिक्का तपासणीनंतर मारायचा असतो. मी सोमवारी सकाळी पंचवीस कोऱ्या कार्डांवर शिक्का आणि सही एकदम उरकतो. हे कुठे बोलू नकोस.) दुसऱ्या दिवशी आमच्याच इमारतीची लिफ्ट तपासली, कार्ड लावलं आणि क्लासला गेलो. मास्तरच्या हातात तपासणीचं कार्ड पडलं. त्यानं ते लाल शाईनं तपासलं आणि दहापैकी तीन गुण दिले. लिफ्टमध्ये गृहपाठ लागला, शिक्क्यासकट.

त्यातलं तिसरं वाक्य असं होतं की मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे दोर अजून कसा टिकून आहे हे त्यालाच कळत नव्हतं. (ते माझ्या जोडीदारानं एका जुन्या गोदामातल्या लिफ्टबद्दल म्हटलं होतं. कार्डावर गोदाम लिहायला जागा नव्हती.) सोसायटीनं लिफ्ट बंद ठेवली आणि चार दिवस सगळी इमारत जिन्यानं चढली. मीही चढलो; लिफ्ट बंद का ठेवली हे मलाही कुणी सांगेना. तुझी भावजय भाजीच्या पिशव्या घेऊन वर आली आणि म्हणाली, “अहो, निदान आपल्या लिफ्टबद्दल तरी खोटं लिहायचं होतं!”

मी कार्ड काढायला धावलो तर पाचव्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई आधीच तिथे उभ्या. आता दात उपटल्यासारखं बोलतील म्हणून मी तयारीत होतो. त्या म्हणाल्या, “मेकॅनिक, दोराचं राहू द्या. बहीण का येत नाही?”

दहावं वाक्य तुझं होतं. माझी बहीण म्हणाली की ती पुन्हा येणार नाही.

बाईंना काय सांगणार? तू ते म्हणालीस त्या दिवशी हीच लिफ्ट बंद होती, पार्ट आणायला मीच दोन दिवस टाळाटाळ केली होती. तू त्या गुडघ्यांनी चार मजले चढून आमचं नवं घर बघायला आलीस आणि दारात म्हणालीस, “लिफ्टवाल्याच्या घरी लिफ्ट बंद!” सगळे हसले. मी म्हणालो, “तुला कुणी बोलावलं होतं?” (मीच बोलावलं होतं. दोनदा.) तू पाणी प्यायलीस, पेला जागेवर ठेवलास, ते वाक्य बोललीस आणि चार मजले उतरलीस. मी जिन्याच्या कठड्याशी उभा राहून तुझी पावलं मोजली. खाली आलो नाही.

तेव्हा अडचण अशी. मास्तर म्हणतो, इथे विलचं वुड करायचं. पण मास्तर तुला ओळखत नाही. तुझं न येणं त्या दिवसाबरोबर मागे ओढायचं, की सूर्याच्या रांगेत ठेवायचं? परीक्षेच्या दृष्टीनं हे कळणं फार गरजेचं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. परीक्षा गेल्या आठवड्यातच झाली. पास झालो. त्यामुळे नियम पत्रानं कळवू नकोस.

आणखी एक. लिफ्ट चालू आहे. या वेळी शिक्का तपासणीनंतर मारला आहे. तरी चढण्यापूर्वी कार्ड वाच, तुला सवय आहे. चुका घरी येऊन सांग. बाई लिफ्टमध्ये भेटतीलच. त्यांनी विचारलं, कुणी बोलावलं, तर माझं नाव सांग.