रंगूचा पहिला खोटा काटा

सोम., ४ ऑगस्ट
दुकानातलं टेबल, लोखंडी घोडी, घरचा झोपाळा, पुस्तकांचं कपाट. सगळं या हातांनी. वजनकाट्यांची दुरुस्तीसुद्धा उघडून, बिघडवून शिकलो. गुरू कुणी नाही. कपाटात आज एक भर, लेकीनं नगरहून आणलेली कादंबरी. आधीच्या भागातला रंगनाथशेठ, अख्खा बाजार नागवणारा. ही त्याच्या आधीची गोष्ट. अजून तो नुसता रंगू, काटे दुरुस्त करून पोट भरणारा. एका बैठकीत साठ पानं. लेखकाला काटा कळतो.

बुध., ६
रंगूचा पहिला खोटा काटा. तरफेची धार, जिच्यावर सगळा भार टेकतो, ती कानशीनं केसभर घासतो. पन्नास किलोला किलो कमी. इथं लेखक सापडला. काट्याच्या चार कोपऱ्यांना चार धारा, एक घासली की तो कोपरा वेगळं वजन दाखवणार, तपासणीत लगेच पकडला जाणार. समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'चूक'. बायको म्हणाली, "पुस्तक वाचताय का पेपर तपासताय?"

शुक्र., ८
खात्रीसाठी भंगारातला जुना काटा काढला. आधी पान पुन्हा वाचलं. 'चारही सारख्या.' दोन शब्द, घाईत माझ्याकडून सुटलेले. तसंच घासून पाहिलं, तीन तास. पन्नासचं वजन चारी कोपऱ्यांवर फिरवलं. एकोणपन्नास, सगळीकडे.
'चूक' खोडरबरनं पुसली. मानलं या माणसाला.

रवि., १०
संपली. शेवटची वीस पानं मुद्दाम हळू. रंगू पैशाला भुलत नाही, ही खरी कमाल. म्हातारा आडत्या त्याच्या कामावरून बोट फिरवतो, नुसतं "वा" म्हणतो, आणि तिथं हा घसरतो. त्याचा राग येत नाही. यायला हवा होता, पण...

सोम., ११
कांद्याचे आडते बबनशेठ दुकानात आले, गमतीनं त्या भंगार काट्यावर उभे राहिले.
"मिस्त्री, परवा अठ्ठ्याऐंशी भरलो हुतो. आज शाऐंशी?"
सांगायला नको होतं. पण चारी कोपऱ्यांचं काम दाखवल्याशिवाय राहवेना. शेठ वाकून बघत राहिले. "आसा हात जिल्ह्यात न्हाई." बरं वाटलं. वाटलं ते लिहून ठेवतो.
मग हळूच, त्यांचे दोन काटे असेच करून हवेत. "येकदाच. कुनाला कळतंय?"
नाही म्हणालो. "इचार करा, उद्या येतो," म्हणून गेले. भंगार काटा मोडून टाकायचा होता, अजून टाकला नाही.
दोन काट्यांचे चाळीस हजार देत होते.