वाद्यं जुळवतानाच्या टाळ्या

अगं,

तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात लिहितोय. गॅस बंद केला आहे, दोनदा पाहिला. तुझा दादा गाडी घेऊन खाली आलाय. हॉर्न देतो म्हणाला, मी म्हटलं उपयोग नाही. मीही खालीच थांबतो.

तिकिटं दोन काढली आहेत.

काल तू म्हणालीस, "मला आता ऐकू येत नाही, मैफलीत बसून काय करू? तुम्हीच जाऊन या." मला उत्तर सुचलं तोवर तू झोपली होतीस. आणि असलं काही तुला ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या जिन्याला कळणार.

लग्नानंतर दादाचीच गाडी मागून आपण शहरात अशाच एका मैफलीला गेलो होतो. वादक नुसती वाद्यं जुळवत होते आणि तू मनापासून टाळ्या वाजवल्यास. तुला गाण्यातलं कळतं असं समजून मीही वाजवल्या. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. तू म्हणालीस, "अहो, पण छान वाजवत होते की." पुढे त्यांनी काय वाजवलं ते मला आठवत नाही. टाळ्या तेवढ्या आठवतात.

या वेळी ताल मी तुझ्या तळहातावर धरीन. चुकेल बहुतेक, पण तुला कोण सांगणार?

नकोच वाटलं तर खिडकीतून हात हलव. मी वर येईन, रागावणार नाही. निळी शाल खुर्चीवर आहे. तुझ्या चपला दाराबाहेर तोंड करून ठेवल्या आहेत.

— अहो